सरकारी शिक्क्याची कॉइल

शिक्का वाचता आला की वस्तू कळली, असं मी एकतीस वर्षं मानत आलो. मी वजनमापे कार्यालयात निरीक्षक. दुकानदारांची वजनं आमच्याकडे तपासणीला येतात आणि बरोबर निघाली की त्यांच्या बुडाच्या शिशावर आम्ही शिक्का ठोकतो : तिमाहीचं अक्षर, वर्षाचे दोन आकडे आणि निरीक्षकाचा क्रमांक. माझा क्रमांक सतरा. सवय अशी लागली आहे की कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करतो. लग्नात आहेर म्हणून आलेली भांडीसुद्धा मी एकेक करून उलटी करून बघितली होती. ते सासऱ्यांनी पाहिलं, आणि आमचे संबंध तिथून सुरू झाले.

सासरे आमच्याकडे राहतात, किंवा खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्याकडे राहतो. घर त्यांचं, गॅरेज त्यांचं, मुलगी त्यांची. बाहेरून आलेला असा मी एकटाच. सासऱ्यांचं वय वर्षं चौऱ्याऐंशी. गाडी त्यांनी अडुसष्ट साली नवीकोरी घेतली, आणि तीन महिन्यांनी आमची ही जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी त्याच गाडीतून आणलं. म्हणजे बायकोपेक्षा गाडी तीन महिन्यांनी मोठी, आणि घरात मानही त्याच क्रमाने. त्या यादीत माझा नंबर मागच्या डाव्या दिव्याच्या आसपास कुठेतरी असावा.

यंदा नवा नियम निघाला. इतक्या जुन्या गाड्या रस्त्यावर नकोत, सगळ्या मोडीत काढा. सुटका एकच : गाडी ‘मूळ स्वरूपातील’ असल्याचा दाखला. त्याला शंभरपैकी नव्वद गुण लागतात. नव्वद! मला शाळेत कधी पडले नाहीत. सासरे मात्र निर्धास्त होते. “माझ्या गाडीचा एक खिळा बदललेला नाही,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. परीक्षक येणार त्या दिवशी त्यांनी कोट घातला. मुलीला बघायला आम्ही आलो तेव्हासुद्धा त्यांनी घातला नव्हता; मी स्वतः साक्षीदार आहे.

परीक्षक म्हणजे एक काटकुळा, अबोल माणूस. हातात विजेरी, आणि काठीच्या टोकाला बसवलेला छोटा आरसा. दोन तास तो गाडीच्या खाली, वर, आत शिरला आणि शेवटी एक कागद पुढे केला. सत्याऐंशी.

“तीन कमी,” तो म्हणाला. “कॉइलचे चार गेले. कॉइल दुसरीच आहे.”

कॉइल म्हणजे इंजिनाशेजारी पट्टीने आवळलेला तो वीतभर लांबीचा, आत तेल भरलेला गोल डबा. बॅटरीची जेमतेम वीज तो हजारो व्होल्टची करतो, तेव्हा कुठे ठिणगी पडते आणि गाडी चालते. हे मला तोवर माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तोवर मी सुखात होतो.

“अशक्य,” सासरे म्हणाले.

परीक्षकाने आरसा धरला. “हे बघा. तारा जोडायच्या दोन खुंट्यांवर अधिक आणि उणे अशा खुणा आहेत. तुमच्या गाडीत बॅटरीचा अधिक बाजूचा सांधा बॉडीला जोडलेला आहे, आताच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. त्या काळच्या कॉइलवर अधिक-उणे नसे. कुठली तार स्विचकडून येते आणि कुठली पुढे जाते, त्याची अक्षरं असत. शिवाय बुडावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असे. तुमची गाडी ऑक्टोबर अडुसष्टची. कॉइल त्याच्या दोन-चार महिने आधीची हवी. ही वीस वर्षं नंतरची आहे. महिन्याभरात मूळ बसवा, मी फेरतपासणी करतो. नाहीतर ट्रक येईल.”

ट्रक येईल म्हणजे गाडी ओढून नेईल आणि दाबून तिचा ठोकळा करील. हे त्याने काही सांगितलं नाही, पण सासऱ्यांना कळलं. ते आत गेले, कोट काढला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ही मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, “अहो, बाबांचं मला काही ठीक दिसत नाही. चहा अर्धा टाकतात. गाडी गेली ना, तर ते काही फार दिवस काढायचे नाहीत. तुम्ही काहीतरी करा.”

आता मी काय करणार? पण ‘बुडावर शिक्का’ हे शब्द परीक्षकाच्या तोंडून निघाले तेव्हाच माझे कान टवकारले होते. सगळ्या गाडीत मला कळेल अशी एकच गोष्ट होती, आणि नेमकी तीच चुकलेली. मी सासऱ्यांसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “बाबा, कॉइल मी शोधतो.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “तुम्ही? जावईबापू, तुम्हाला गाडीचं बॉनेट कुठून उघडतात ते ठाऊक आहे का?”

“नाही. पण शिक्का मी वाचतो.”

“वाचा,” ते म्हणाले आणि वर्तमानपत्र वर केलं. एकतीस वर्षांच्या सेवेला एवढंच उत्तर! असो.

शोधाची पहिली पायरी म्हणजे शेजारी. ती चढायची नसते, ती आपणच खाली उतरून येते. वरच्या मजल्यावर एक निवृत्त वीज-इंजिनियर राहतात. त्यांना आम्ही खासगीत ‘हायव्होल्टेज’ म्हणतो. जिन्यात त्यांनी मला अडवलं. “शोधताय काय वेड्यासारखे? आत नुसती तांब्याची तार असते. एक जाड, एक बारीक. मी वळून देतो तुम्हाला कॉइल!” मी म्हटलं, अहो, नवी नको आहे, जुनीच हवी आहे. “जुनी करू की! मातीत पुरू पंधरा दिवस.” मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी आमची बंद पडलेली इस्त्री तार काढायला म्हणून नेली. ती इस्त्री बंद नव्हती. बंद होती ती दुसरी. तेव्हापासून महिनाभर मी चुरगळलेला शर्ट घालून सरकारी काम केलं.

दुसरी पायरी मिस्त्री. गॅरेजवाला मोठा अनुभवी माणूस, पण कॉइल ही चीज त्याच्या लेखी माणसाच्या नखासारखी. गेली तर दुसरी येते. “साहेब, ठिणगी पडली की झालं. कॉइलचं काय, लग्न लावायचंय तिचं?” तरी त्याने तीन कॉइली आणून टेबलावर मांडल्या. मी खिशातून भिंग काढलं. मिस्त्रीने तोंडातली काडी काढली.

पहिली दिसायला सुरेख, पण खुंट्यांवर अधिक-उणे. बाद. दुसरीवर अक्षरं बरोबर होती, पण बुडावर सत्तर सालचा फेब्रुवारी. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ही कॉइल तयारच झालेली नव्हती. बाद. तिसरीवर अक्षरं बरोबर, आणि बुडावर आठ, अडुसष्ट. मिस्त्री हसला. मी नाही हसलो. मी ती उजेडाकडे तिरकी धरली. कारखान्यात शिक्का एका दणक्यात बसतो, सगळे आकडे सारखे खोल. इथे आठ खोल होता, सहा उथळ, आणि दुसरा आठ जरा वाकडा उभा. एकेक आकडा वेगवेगळ्या खिळ्याने हाताने ठोकलेला. अशी वजनं मी आयुष्यभर पकडत आलो आहे.

“हा शिक्का खोटा आहे,” मी म्हणालो.

 मिस्त्रीने माझ्यासाठी खुर्ची पुसली. असा मान मला ऑफिसातसुद्धा कुणी दिला नव्हता, आणि तो घेऊन मी इतका फुगलो की घरी जाऊन जेवताना ही हकिकत तीनदा सांगितली. सासरे म्हणाले, “म्हणजे मिळाली नाही.”

मग भंगाराच्या वखारी. रोज ऑफिस सुटलं की मी एकेक वखार गाठायचो. भंगारवाले आधी मला बघून माल झाकायचे, कारण वजनमापेवाला म्हणून ते मला ओळखत होते. “साहेब, काटा नवाच आहे, गेल्याच महिन्यात शिक्का मारून घेतला.” काटा नको, कॉइल दाखव म्हटलं की त्यांना आणखी संशय. एकाने तर मला वाटेला लावण्यासाठी अख्खं पोतंच पायाशी ओतलं. गोगलगायी वेचाव्यात तशा मी कॉइली वेचत बसलो. अठ्ठेचाळीस बुडं वाचली. एकोणपन्नासावी काळ्या चिखलाने माखलेली होती. रुमालाने पुसली. खुंट्यांवर अक्षरं. बुडावर एका दणक्यात बसलेले, सारख्या खोलीचे आकडे : सात, अडुसष्ट.

मी ओरडलोच. भंगारवाला धावत आला. त्याला वाटलं, काही चावलं. मुदतीतले अठरा दिवस संपले होते, बारा उरले होते. घरी फोन करून हिला सांगितलं, तर पलीकडे ती रडायला लागली. मग फोन सासऱ्यांनी घेतला. “नक्की सात?” “नक्की.” “एक नव्हे ना? तुमची दृष्टी काही...” “सात, बाबा.”  “या घरी,” ते म्हणाले. मला वाटतं, ते पहिल्यांदाच मला घरी या म्हणाले. एरवी मी येतोच.

इथे मी थांबायला हवं होतं. कॉइल नीट घरी न्यायची, बसवायची, विषय संपला. पण मला ती घासूनपुसून, चकचकीत करून सासऱ्यांच्या हातात द्यायची होती. परीक्षकाच्या यादीशी एकेक मुद्दा ताडून, भिंगाखाली, भरपूर उजेडात. असा उजेड आमच्या घरात नाही. माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे. म्हणून सासऱ्यांना म्हटलं, उद्या संध्याकाळी आणतो, आणि कॉइल ऑफिसात घेऊन गेलो.

सकाळी एका किराणा दुकानदाराची बारा वजनं तपासायची होती. तो समोर स्टुलावर बसला होता. माझी पद्धत ठरलेली आहे. वजन उचलायचं, तपासायचं, ‘बरोबर’ म्हणायचं, उलटं करायचं, शिक्का, हातोडी, ठाक. डोळे पुढच्या वजनावर. बारा वजनं झाली. हात टेबलावरच्या पुढच्या वस्तूकडे गेला. कॉइल. मी मनातल्या मनात यादी म्हटली : अक्षरं आहेत, खुंट्या बरोबर, महिना बरोबर, वर्ष बरोबर. तोंडाने म्हणालो, “बरोबर.” उलटी केली.

ठाक.

अडुसष्ट सालच्या शिक्क्याच्या अगदी शेजारी, चालू तिमाहीचं अक्षर, चालू वर्षाचे दोन आकडे आणि सतरा. सुबक बसला होता. इतका सुबक शिक्का मी वर्षभरात मारला नसेल.  मी कॉइल कानाशी धरून हलवली. नशीब, आतलं तेल गळलं नव्हतं.

“साहेब,” दुकानदार म्हणाला, “हे नवीन वजन निघालं का?”

“नाही,” मी म्हणालो. “हे वेगळं आहे.”

हे वाक्य मी उच्चारायला नको होतं. ‘वेगळं आहे’ एवढंच घेऊन तो माणूस बाजारात गेला. दुसऱ्या दिवशी तीन दुकानदार आले. सरकारने काळी, लांबट, आत तेल भरलेली वजनं सक्तीची केली आहेत, ती कुठे मिळतात आणि जुनी बदलून देता का? चौथ्या दिवशी व्यापाऱ्यांच्या संघटनेचं निवेदन आलं, की अशा वजनांत दोन खुंट्या कशासाठी आहेत याचा खुलासा व्हावा. ते सरळ आमच्या नियंत्रक बाईंच्या टेबलावर गेलं. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, आणि नियमांची सगळी कलमं तोंडपाठ. त्यांनी मला बोलावलं. मी कॉइल घेऊन गेलो. एव्हाना ती चार दिवस माझ्या कपाटात कुलपात होती, आणि घरी मी ‘अजून थोडी साफ करायची आहे’ असं सांगत होतो.

बाईंनी ती उलटी केली. आमच्या खात्यातले सगळेच आधी उलटी करतात.

“हा सरकारी शिक्का आहे. ही वस्तू वजन आहे का?”

“नाही, मॅडम.”

“माप आहे का?”

“नाही.”

आमच्या शिपायाला मात्र आशा होती. तो पंचवीस वर्षं माझ्याबरोबर आहे, माणूस मायाळू. “मॅडम, वजन करून तर बघू. बरोबर किलोभर भरलं तर शिक्का कायदेशीरच होईल की!” बाईंनीसुद्धा काट्यावर ठेवू दिली, हे विशेष. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. सातशे त्रेचाळीस ग्रॅम. असलं वजन कुठल्याही नियमात नाही.

“मग जप्त करा,” बाई म्हणाल्या. “अनधिकृत शिक्का असलेली वस्तू. कलमच आहे.”

जप्तीची खोली माझ्या ताब्यात असते. किल्ली माझ्याच कमरेला. मी माझ्याकडून कॉइल जप्त केली, स्वतःला नोटीस दिली, ‘जप्त करणारा’ या ओळीवर सही केली आणि ‘ज्याच्याकडून जप्त केली’ या ओळीवरही सही केली. शिपाई साक्षीदार म्हणून सही करताना डोळे पुसत होता. मग मी खोलीला कुलूप लावलं. मुदतीला सात दिवस उरले होते. किल्ली माझ्याकडे, कॉइल आत, आणि मी बाहेर. रोज जेवणाच्या सुट्टीत मी दाराच्या फटीतून बघून यायचो.

घरी सासरे रोज दारातच. “आणली?”

“ऑफिसात आहे, बाबा.”

“ऑफिसात काय करतेय?”

“सुरक्षित आहे,” मी म्हणायचो. हे मात्र अगदी खरं होतं. तिच्याइतकं सुरक्षित त्या घरात कुणीच नव्हतं, मी तर नव्हतोच.

मुदतीला चार दिवस उरले तेव्हा बाईंनी मला पुन्हा बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज मऊ होता, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

“तुमची निवृत्ती तेवीस दिवसांवर आहे. एकतीस वर्षांत तुमच्या सर्व्हिस बुकात ठपक्याची एक ओळ नाही. माझ्या पाहण्यात असं दुसरं पुस्तक नाही.” त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. ठपक्याचं पान खरंच कोरं होतं. मी ते कधीकधी नुसतं बघायला म्हणून मागवून घेत असे, हे त्यांना माहीत नव्हतं. “कॉइल परत हवी असेल, तर तुम्हाला लेखी कबुली द्यावी लागेल, की मी अनवधानाने सरकारी शिक्का भलत्या वस्तूवर मारला. मग तुम्ही स्वतः त्या शिक्क्यावर रद्द केल्याची खूण मारायची. मला ठपक्याची नोंद करावी लागेल. त्याला इलाज नाही.”

“आणि कबुली दिली नाही तर?”

“तर ती तशीच पडून राहील. कुणी मागितली नाही म्हणून सहा महिन्यांनी निकालात निघेल. कागद नाही, नोंद नाही. तुम्ही स्वच्छ निवृत्त व्हाल.”

खोटं कशाला सांगू? मी ठरवलं, कॉइल सोडून द्यायची. कोरं पुस्तक ही माझी एकमेव कमाई. लोकांनी या नोकरीत काय काय केलं आणि मी काय काय केलं नाही, हे सांगायला दुसरा पुरावा माझ्याकडे काय आहे? सासऱ्यांना सांगू, की कॉइल नीट बघितल्यावर खोटी निघाली. शिक्क्यातलं त्यांना काय कळतंय? वाटेत हे वाक्य मी पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. जमत होतं.

घरी आलो तर गॅरेज उघडं. सासरे गाडीत बसले होते. चाकामागे नाही, शेजारच्या सीटवर. बॉनेट उघडं होतं, जुनी कॉइल काढून ठेवलेली, पट्टी ढिली करून ठेवलेली, दोन्ही तारांची टोकं घासून लख्ख केलेली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या हातांनी सगळं एकट्याने केलं होतं. फक्त कॉइल यायची बाकी.

मी वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

“इथे तिची आई बसायची,” सासरे म्हणाले. माझ्याकडे न बघता. “खिडकीची काच सतत खालीवर करायची. मी ओरडायचो. आता ती काच जरा सैल आहे, ती तिच्यामुळे.” मग त्यांनी विचारलं, “मिळेल ना हो?”

तो ‘हो’ मला लागला. जावईबापू नाही, टोमणा नाही. नुसतं विचारलं. एवढ्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मी त्यांना खोटं सांगायला पाठ करून आलो होतो. मला स्वतःची अशी लाज वाटली की बस्स.

“मिळेल,” मी म्हणालो. “उद्या आणतो.”

कबुली लिहायला मला सकाळी तीन तास लागले. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात कार्यालयातील अपुरी हवा, निरीक्षकांवरील कामाचा ताण आणि वजने ठेवण्याची सदोष पद्धत यांची सविस्तर चर्चा होती. बाईंनी तो वाचून परत दिला. “एक ओळ लिहा.” मी लिहिली : ‘सासऱ्यांच्या गाडीची कॉइल बरोबर असल्याचे पाहून मी सवयीने तिच्यावर शिक्का मारला.’ बाईंनी ती ओळ ठेवून घेतली. मग त्यांनी ठपका लिहिला, मी पोच म्हणून सही केली, आणि त्या कोऱ्या पानावर पहिली ओळ पडली.

खूण मात्र मलाच मारायची होती. रद्द केल्याची खूण म्हणजे एक आठ टोकांचा तारा. मी सतरा नंबरावर तो धरला आणि हातोडी इतकी हळू मारली की शिपाई म्हणाला, “साहेब, बसला नाही.” पुन्हा मारावी लागली. म्हणजे एका कॉइलच्या बुडावर कारखान्याचा एक शिक्का आणि आमच्या खात्याचे तीन दणके.

सासऱ्यांनी कॉइल हातात घेतली, उलटी केली, सगळं वाचलं. मी सगळं सांगितलं, जप्तीपासून सर्व्हिस बुकापर्यंत.  त्यांनी कॉइल बसवली. किल्ली फिरवली. गाडी दुसऱ्या खेपेला सुरू झाली, आणि ही गॅरेजच्या दारात उभी राहून ओरडली, “बाबा! बाबा, सुरू झाली!” जणू काही आम्ही दोघं तिथे नव्हतोच.

फेरतपासणीला परीक्षकाने आरसा कॉइलच्या बुडाखाली धरला आणि पुष्कळ वेळ धरूनच ठेवला. मग म्हणाला, “काढा.” मिस्त्रीला मी मुद्दाम बोलावून ठेवलं होतं, त्याने काढून दिली.

“हा कारखान्याचा. बरोबर आहे. हा कुणाचा?”

“माझा,” मी म्हणालो.

“आणि हे फूल?”

“तो तारा आहे. रद्द केल्याची खूण. तोही माझाच.”

“म्हणजे तुम्ही मारला आणि तुम्हीच रद्द केला?”

“हो. हे ऑफिसचं पत्र. यावरही एक सही माझीच आहे.”

त्याने पत्र दोनदा वाचलं. हा माणूस हसतो हे मला तेव्हा कळलं; खांदे हलतात, आवाज येत नाही. “अठरा वर्षं हे काम करतोय. लोक खोटा शिक्का मारून खरा म्हणून दाखवतात. खरी वस्तू आणून, त्यावरचा आपला शिक्का ग्राह्य धरू नका असा सरकारी कागद घेऊन आलेले तुम्ही पहिलेच.” मग तो गंभीर झाला आणि लिहू लागला. कॉइल : मूळ. चारपैकी तीन. एक गुण दोन अनावश्यक खुणांबद्दल कापला. सत्याऐंशी आणि तीन, नव्वद. काठावर पास! हायव्होल्टेज जिन्यातून टाळ्या वाजवत खाली आले. इस्त्री आणली नव्हती.

यानंतर तीन आठवड्यांनी माझा निरोप समारंभ झाला. मला त्याची धास्ती होती. निवृत्तांच्या गुणगौरवात आमच्याकडे एक ओळ ठरलेली असते, ‘निष्कलंक सेवा’. ती आता मला मिळणार नव्हती, आणि ती गाळली की सगळ्यांच्या लक्षात येणार होतं. सासरे स्वतः गाडी चालवत आम्हाला घेऊन गेले. अंगात कोट. पहिल्या रांगेत जाऊन बसले. बाईंनी भाषण चांगलं केलं. शेवटी कागद बघून म्हणाल्या, “एकतीस वर्षांत यांनी सुमारे दोन लाख शिक्के मारले. त्यांतला फक्त एक चुकीचा.” लोक हसले. बाईंनीही ते प्रेमानेच म्हटलं होतं. मीही हसल्यासारखं केलं.

सासरे उभे राहिले.

“चुकीचा कसा?” त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. हिने कोट धरून खाली ओढलं, तरी बसेनात. “बाई, बरोबर आहे का नाही ते बघून शिक्का मारायचा, हेच यांचं काम ना?”

“हो, पण आजोबा, कॉइल हे वजन नाही...”

“ते तुमचं तुम्ही बघा. यांनी ती बरोबर आहे म्हणून शिक्का मारला. परीक्षकानं लिहून दिलंय, ती बरोबर आहे. अठ्ठेचाळीस टाकल्या आणि एक उचलली, आणि ती बरोबर निघाली. मग चुकला कुठे माझा जावई?”

 बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हातातल्या कागदावर पेनाने काहीतरी खोडलं आणि माईकजवळ वाकल्या. “दुरुस्ती करते. दोन लाख शिक्के. सगळे बरोबर.”

टाळ्या कडकडल्या, शिपायाने तर शिट्टी मारली, आणि बोलायची पाळी माझी आली. मी भाषण लिहून आणलं होतं, चार पानं, कार्यालयातील अपुऱ्या हवेसकट. उभा राहिलो, पानं उलटीसुलटी केली. अक्षर दिसेना. शेवटी सासऱ्यांकडे हात केला, “हे माझे सासरे” एवढंच म्हणालो आणि खाली बसलो.